देऊळ, बाजार आणि चिटणीस

पुस्तक विसरलें जातें आणि त्याचें नांव मात्र लोकांच्या तोंडीं राहतें, असा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासांत पुष्कळदां घडतो. एरिक रेमंड या अमेरिकन लेखकाच्या 'द कथीड्रल अँड द बझार' या पुस्तकाचें असेंच झालें आहे. यांतील मुख्य निबंध त्यानें १९९७ च्या मे महिन्यांत जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें लिनक्सच्या एका संमेलनांत वाचला. पुढें १९९९ सालीं आणखी कांहीं निबंध जोडून त्याचें पुस्तक निघालें. कथीड्रल म्हणजे ख्रिस्ती लोकांचें मोठें प्रार्थनामंदिर. आपण सोयीसाठीं त्यास देऊळ म्हणूं. संगणकाच्या धंद्यांतील कोणाहि तरुणास विचारा, पुस्तक त्यानें उघडलेलें असो वा नसो, देऊळ आणि बाजार हे दोन शब्द तो तत्काळ उच्चारील, व त्यांपैकीं बाजार चांगला असेंहि सांगेल. संगणकावरील पुस्तकाचें परीक्षण साहित्यविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांस पडेल. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, हें पुस्तक शास्त्राच्या नव्हे, एका रूपकाच्या बळावर उभें आहे. आणि रूपकाची पारख करणें हा तर आमचाच धंदा आहे.

ज्यांच्या कानांवरून लिनक्स हें नांव नुसतेंच गेलें असेल, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. संगणकाचें यंत्र स्वतः मुकें असतें. त्यास चालविणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स नांवाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें अशा एका आज्ञावलीचा गाभा लिहून जगापुढें ठेविला, आणि नुसती चालणारी वस्तु न देता तिची मूळ संहिताहि देऊन टाकिली. नाटक पाहणाऱ्यास तिकिटाच्या पैशांत खेळ दिसतो, नाटकाची वही हातीं येत नाहीं. बाजारांत विकत मिळणाऱ्या बहुतेक आज्ञावलींचें तसेंच असतें. लिनक्समध्यें वही अगोदर हातीं पडते. ती वाचावी, आवडेल तशी बदलावी, मित्रांस द्यावी, विकावीसुद्धां. आज आपल्या घरांतील ज्या मोबाइलला अँड्रॉइड म्हणतात, त्याच्या पोटांत हाच गाभा आहे. आणि जगांतील अत्यंत वेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां निघते, तींतील सारेच्या सारे यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरापासून लिनक्सवर चालत आले आहेत. एका विद्यार्थ्याची हौस येथवर कशी पोंचली, हा रेमंडच्या निबंधाचा विषय.

त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. आज्ञावली रचण्याच्या दोन रीती आहेत. एक देवळाची: थोडे कसबी कारागीर दारें लावून वर्षानुवर्षें घडवितात आणि कळस चढल्यावाचून कोणास आंत घेत नाहींत. दुसरी बाजाराची: दारें सताड उघडीं, जो येईल त्यानें हात लावावा, अर्धवट वस्तूहि रोजच्या रोज बाहेर टाकावी, आणि हजार लोकांच्या नजरेखालून गेल्यानें तींतील चुका आपोआप उघड्या पडाव्यात. लेखकानें टपाल आणणारी एक लहानशी आज्ञावली स्वतः ह्या दुसऱ्या रीतीनें चालवून पाहिली व ती यशस्वी झाली, त्याचीच ही हकीकत आहे. निबंधाचा प्रभावहि मोठा झाला. १९९८ च्या जानेवारींत नेटस्केप कंपनीनें आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याचें ठरविलें, त्या निर्णयामागें हा निबंध होता.

रेमंडची शैली चटपटीत आहे, वाक्यें आटोपशीर आहेत, आणि स्वतःची पाठ थोपटण्याची त्याची हौस वाचकास फारशी बोंचत नाहीं, कारण ती तो लपवीत नाहीं. परंतु ज्या गोष्टीकडे आमच्या पाहण्यांतील कोणत्याहि स्तुतिपाठकानें लक्ष दिलें नाहीं, ती येथें सांगितली पाहिजे. देऊळ म्हणून तो ज्यांकडे बोट दाखवितो, त्या मुख्यतः धनाढ्य कंपन्या नव्हेत. रिचर्ड स्टॉलमन यानें १९८३ सालीं आरंभिलेला जो ग्नू प्रकल्प, ज्यानें मुक्त संहितेचा विचारच जन्मास घातला, त्याच्या कामाची रीतहि रेमंडच्या मतें देवळाचीच! म्हणजे हा वाद परक्याशीं नसून घरांतल्या वडील माणसाशीं आहे. स्टॉलमनला स्वातंत्र्य पाहिजे होतें. संहिता झांकून ठेवणें हें त्याच्या दृष्टीनें शेजाऱ्याशीं वैर करण्यासारखें होतें. रेमंडला काम चांगलें व्हावयास पाहिजे होतें. संहिता खुली ठेविली असतां तें चांगलें होतें, म्हणून ती खुली ठेवावी. १९९८ च्या फेब्रुवारींत 'ओपन सोर्स' हें नवें नांव पुढें आलें तें ह्याच व्यवहारी वृत्तींतून. एकाचा युक्तिवाद नीतीचा, दुसऱ्याचा उपयुक्ततेचा. उपयुक्ततेच्या युक्तिवादांत एक धोका असतो, तो असा कीं, उपयोग झाला नाहीं असें एका जागीं दिसलें कीं सगळाच डोलारा डळमळतो.

आमचे एक स्नेही गेलीं अठरा वर्षें अंधेरीस, सीप्झच्या अलीकडील एका कचेरींत सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचें काम करतात. ह्या हुद्द्यास मराठींत सुटसुटीत शब्द अद्याप रूढ नाहीं. 'यंत्रांचा कारभारी' म्हटलें तर अर्थ बराचसा येतो. राहणें मुलुंडास. घाटकोपरपर्यंत लोकल आणि तेथून मेट्रो, असा त्यांचा नित्याचा प्रवास. २०१४ सालीं मेट्रो सुरू झाल्यापासून वाटेंत वाचावयास उभ्यानें कां होईना जागा मिळते, असें ते सांगतात. त्यांच्या स्वाधीन असलेलीं यंत्रें बहुतेक लिनक्सवर चालतात. त्यांनीं रेमंडचें पुस्तक विद्यार्थिदशेंत वाचून डोक्यावर घेतलें होतें, म्हणून परवां आम्ही त्यांस तें पुन्हां वाचावयास दिलें. आठ दिवसांनीं परत करतांना ते म्हणाले, "बाजार फार सुंदर रंगविला आहे हो! पण बाजार उठल्यावर झाडू कोण मारतो, तें कांहीं ह्यांत सांपडलें नाहीं."

हा आक्षेप वरवर दिसतो त्याहून खोल आहे. ह्या गृहस्थांस लिनक्स आवडतें तें फुकट मिळतें म्हणून नव्हे. फुकट वस्तूची किंमत आपण रात्रीं जागून देतों, असें त्यांचें मत आहे. रात्रीं दोन वाजतां एखादें यंत्र अडून बसलें, तर त्याच्या पोटांत शिरून कोठें अडलें तें पाहतां येतें, कंपनीच्या दारांत अर्ज घेऊन उभें राहावें लागत नाहीं, हें त्यांच्या प्रेमाचें एक कारण. दुसरें असें कीं, नेमकी तीच अडचण पूर्वीं कोणातरी ब्राझीलच्या वा पोलंडच्या मनुष्यास आलेली असते, आणि त्यानें ती सुटल्यावर, पुढच्या कोणाच्या उपयोगीं पडेल म्हणून, नीट लिहून ठेविलेली असते. समाज ह्या शब्दाचा त्यांच्यापुरता अर्थ एवढाच: ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं अशा मनुष्यानें आपल्यासाठीं आगाऊ लिहून ठेविलेलें उत्तर. स्वतः त्यांनीं काय दिलें असें आम्हीं विचारलें, तेव्हां थोडे ओशाळून म्हणाले कीं, एका आज्ञावलीच्या माहितीपुस्तिकेंत चुकलेल्या अकरा ओळी दुरुस्त करून पाठविल्या होत्या. तीन आठवड्यांनीं त्या स्वीकारल्याचें उत्तर आलें, आणि उत्तर देणाऱ्यानें उशिराबद्दल क्षमा मागितली होती. "तो बिचारा एकटाच होता," ते म्हणाले. "सबंध जग वापरतें ती वस्तु, आणि तो एकटाच."

आतां मूळ रूपकाकडे वळूं. रेमंडनें बाजार पाहिला तो गलबल्याच्या बाजूनें. आमच्या बोरिवली स्टेशनाबाहेर सायंकाळीं भाजीचा बाजार भरतो, तो पाहणारास गलबलाच दिसतो खरा. पण भाजीवालीची टोपली कोणत्या दिव्याखालीं बसावयाची, हें वर्षांनुवर्षें ठरलेलें असतें, आणि तें मोडूं पाहणाऱ्याची काय गत होते हेंहि तेथील जुन्या लोकांस ठाऊक असतें. शिवाय बाजारांत देणें आणि घेणें त्याच क्षणीं पुरें होतें. पैसे दिले, भाजी घेतली, संबंध संपला. मुक्त संहितेंत नेमकें हेंच नाहीं. घेणारे कोट्यवधि, देणारे थोडे, आणि त्या थोड्यांवरील जबाबदारी दिवसेंदिवस वाढत जाणारी. ह्याला बाजार म्हणणें म्हणजे अन्नछत्रास खाणावळ म्हणण्यासारखें आहे.

ह्या व्यवस्थेशीं जुळणारें उदाहरण उपनगरांत राहणारास दूर शोधावयास नको. तो स्वतः त्यांतच राहतो. मुंबईंत सहकारी गृहसंस्थांची प्रथा गांवदेवीच्या सारस्वत सोसायटीनें १९१५ सालीं घातली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानें तिला सध्यांचें रूप दिलें. आणि आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत मध्यम वर्ग बहुतांशीं सोसायट्यांतूनच नांदतो. सोसायटी ही सर्वांची. जिना सर्वांचा, गच्ची सर्वांची, पाण्याची टाकी सर्वांची. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क कायद्यानें सभासदास दिलेला आहे. आणि प्रत्यक्षांत? टाकी केव्हां धुवावयाची, लिफ्टवाल्यास केव्हां बोलवावयाचें, महानगरपालिकेचें पाण्याचें बिल कोठें अडलें, गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यांतून पावसाळ्यांत पाणी झिरपतें, हें सर्व एका चिटणिसास ठाऊक असतें. तो पगार घेत नाहीं. वर्षांतून एकदां सर्वसाधारण सभा भरते, तींत गणसंख्येअभावीं अर्धा तास सभा तहकूब होते, मग बटाटेवडे येतात, आणि ज्यांनीं बारा महिन्यांत एकदांहि वही उघडून पाहिली नाहीं ते चिटणिसास जाब विचारतात. सभा संपतांना नवा चिटणीस निवडण्याचा विषय निघतो तेव्हां सर्वांच्या नजरा जमिनीकडे जातात.

अधिकार असणें आणि तो बजावणें यांत किती अंतर आहे, याचा दाखला मुक्त संहितेच्या जगास २०१४ च्या एप्रिलांत मिळाला. बँकेचा पासवर्ड आपल्या यंत्रापासून बँकेच्या यंत्रापर्यंत गुप्तपणें नेणारी ओपनएसएसएल नांवाची आज्ञावली आहे. तींत दोन वर्षांपूर्वीं, २०१२ सालीं, एक चूक शिरली होती, जिच्यामुळें दूरच्या यंत्राच्या स्मरणांतील मजकूर परक्यास वाचतां येत असे. 'हार्टब्लीड' या नांवानें ती गाजली. संहिता खुली होती. जगांतील कोणासहि ती वाचतां आली असती. दोन वर्षें ती चूक उजेडांत उघडी पडून होती आणि हजार डोळ्यांपैकीं एकहि तेथें वळला नाहीं. मग चौकशी झाली तेव्हां दिसलें कीं, अर्ध्या जगाचा व्यवहार ज्या कामावर चालतो त्यास देणग्या वर्षाकांठीं सुमारें दोन हजार डॉलर येत होत्या, आणि त्यावर पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच होता. पुढें मोठ्या कंपन्यांनीं घाईघाईनें पैसा उभा केला, हेंहि खरें. आग लागल्यावर बंब मागविण्याची ही तऱ्हा आम्हां सोसायटीवाल्यांस अपरिचित नाहीं.

पण रेमंडच्या पुस्तकाची खरी परीक्षा दहा वर्षांनीं झाली. त्या निबंधांत एक लहानसें सूत्र आहे, त्याचा आशय असा कीं, आज्ञावलीच्या धन्याचा तिच्यांतील रस संपला म्हणजे ती लायक वारसाच्या हातीं सोंपविणें हें त्याचें शेवटचें कर्तव्य होय. सूत्र उत्तम आहे. लेखक तें एका वाक्यांत सांगून पुढें जातो. लायक कोण, हें ओळखावें कसें, आणि थकलेल्या मनुष्यानें तें ओळखण्याची शक्ति आणावी कोठून, ह्याचा विचार त्याला सुचत नाहीं. एक्सझेड नांवाची मजकूर आवळून लहान करणारी एक आज्ञावली आहे. ती एकच गृहस्थ वर्षानुवर्षें, विनावेतन सांभाळीत असे. काम मागें पडूं लागलें, तेव्हां अनोळखी नांवांनीं तक्रारी येऊं लागल्या: इतका उशीर कां, जमत नसेल तर दुसऱ्यास द्या. त्या गृहस्थानें आपली मनःस्थिति ठीक नसल्याचें चारचौघांत लिहिलें. २०२१ पासून जिया टॅन या नांवाचा एक कामसू मदतनीस तेथें आला होता. गोड बोलणारा, वेळेवर काम करणारा. हळूहळू किल्ल्या त्याच्या हातीं गेल्या. आणि २०२४ च्या आरंभीं त्यानें त्या आज्ञावलींत असें एक चोरदार बसविलें कीं, तें पुरतें पसरतें तर लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत परक्यास शिरकाव मिळता. तें नांव खरें कीं खोटें, त्यामागें एक मनुष्य होता कीं मंडळी, हें आजवर उजेडांत आलेलें नाहीं.

तें दार सांपडलें कसें, ही कथा कोणाहि कादंबरीकारास हेवा वाटावा अशी आहे. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या एका अभियंत्यास आपल्या यंत्रांत दूरून प्रवेश करतांना अर्धा सेकंद जास्त लागतो असें वाटलें. अर्धा सेकंद! आपण लोकलची पंधरा मिनिटें वाट पाहून हूं कीं चूं करीत नाहीं. पण त्या गृहस्थास तें खुपलें, त्यानें धागा धरला, आणि २०२४ च्या मार्चच्या अखेरीस सर्व प्रकार जाहीर केला. येथें रेमंडचा पक्षपाती म्हणेल: पाहा, शेवटीं डोळ्यांनींच काम केलें! हें आम्ही मान्य करतों. संहिता खुली नसती तर त्या अर्ध्या सेकंदाचा माग लागता ना. आमचे स्नेहीहि ह्या बाबतींत लेखकाच्या बाजूचे आहेत. मात्र त्यांनीं जी पुस्ती जोडली ती आम्हांस विचारणीय वाटली: "हजार डोळे नव्हेत हो, एक मनुष्य, ज्याचें लक्ष होतें."

परवान्याविषयीं दोन शब्द लिहिल्याशिवाय हें परीक्षण पुरें होणार नाहीं, कारण मुक्त संहितेचें खरें वाङ्मय रेमंडच्या निबंधाहून स्टॉलमनच्या परवान्यांत आहे, असें आमचें मत आहे. 'जनरल पब्लिक लायसन्स' हा तो दस्तऐवज. पहिली आवृत्ति १९८९ ची, दुसरी १९९१ ची. पुढल्याच वर्षीं टॉरवाल्ड्सनें लिनक्स ह्या दुसऱ्या आवृत्तीखालीं आणिलें. त्याची प्रस्तावना कोणाहि सुशिक्षितास वाचतां येईल इतकी सरळ आहे. पुढील कलमें मात्र वकिली वळणाचीं आहेत. तीं वाचतांना आम्हांस आठवण झाली ती एकनाथांची. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरतां उतरतां नक्कलकारांनीं तींत आपल्या ओव्या घुसडल्या, शब्द फिरविले. म्हणून शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, नाथांनीं अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि अखेरीस कडक शब्दांत बजावलें कीं, यापुढें कोणी ह्यांत आपली ओवी घालूं नये. ग्रंथाचें रक्षण झालें. पण पाठ तेथें गोठला, आणि १९०९ सालीं इतिहासाचार्य राजवाड्यांनीं एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत छापली तेव्हां मोठा वाद माजला. कोणत्या हातानें कोणता शब्द केव्हां बदलला याची नोंदच नसल्यामुळें तो वाद निर्णायकपणें मिटविणें कोणासहि सोपें नव्हतें.

स्टॉलमनपुढें तोच प्रश्न होता. त्याचें उत्तर उलट आहे. तुझी ओवी घाल, खुशाल घाल. परंतु घातलीस अशी ठळक नोंद कर, तारीख लिही, आणि तुझ्याकडून ग्रंथ घेणारासहि तीच मोकळीक दे, जी तुला मिळाली. प्रक्षेपास बंदी करण्याऐवजीं प्रक्षेपावर सही मागितली. आम्हांस हा विचार अत्यंत मोलाचा वाटतो. धर्मग्रंथास तो लागू करावा असें आमचें म्हणणें नाहीं. नाथांचा काळ निराळा, हेतु निराळा. पण ज्या भाषेच्या जुन्या पोथ्या पाठभेदांनीं गजबजलेल्या आहेत, त्या भाषेच्या अभ्यासकांस तरी ह्या कलमाचें मर्म समजावून सांगावें लागूं नये.

ह्याच परवान्यामुळें लिनक्सच्या लोकांस एक अशी सोय आहे जी सोसायटीच्या सभासदास नाहीं, आणि येथें आमचें उदाहरण लंगडें पडतें, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. भाऊबंदकी विकोपास गेली तर वेगळी चूल मांडतां येते. २०१० सालीं ओपनऑफिसच्या मंडळींपैकीं पुष्कळांनीं संहितेची प्रत उचलून लिबरऑफिस असा स्वतंत्र संसार थाटला, आणि आज लोकांच्या यंत्रांत दिसतो तो बहुधा धाकटाच संसार. मुलुंडच्या सभासदास चिटणिसावर रुसून आपला जिना वेगळा नेतां येत नाहीं. मात्र चूल वेगळी झाली म्हणून भांडीं घासणारे हात दुप्पट होत नाहींत. होते ते दोन घरांत वाटले जातात.

हा सर्व विचार दूरदेशींच्या लोकांचा आहे असें मानून स्वस्थ बसावयास आम्हां मराठी लोकांस जागा नाहीं. जुहूस १९८५ सालीं स्थापन झालेली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था, जी २००३ सालीं सी-डॅकमध्यें विलीन झाली, तिच्यांत कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं देवनागरीचे फॉन्ट घडविले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर घरोघर आलेला 'मंगल' त्यांचाच, आणि सार्वजनिक परवान्याखालीं सर्वांस खुला केलेला 'रघु'हि त्यांचाच. हात एक, लेखणी एक. पण पहिल्यांतील एखादें वळण खटकलें तर तें बदलण्याचा अधिकार कंपनीचा, दुसऱ्यांतील बदलण्याचा तुमचा आमचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें घडविलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं असेच खुले केले.

अशा कामांत मराठीची गरज कोठें लागते, हें एका उदाहरणानें पटेल. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द आपण वेगळे लिहितों, कारण पहिले विद्वान व दुसरे स्वयंपाकी. हिंदींत ह्या दुसऱ्या अर्ध्या र ची गरज पडत नाहीं. त्यामुळें ज्यानें केवळ हिंदी पाहून देवनागरीची आज्ञावली लिहिली, त्याच्या यंत्रांत आमचे आचारी आचार्यपदास चढावयाचे! मराठी वळणाचा ल आणि श ह्यांचीहि तीच कथा. राज्यशासनाला २००९ सालीं शासननिर्णय काढून मराठीचीं प्रमाण वळणें सांगावीं लागलीं. हे दोष परक्यास दिसत नाहींत. दिसले तरी त्यास त्याचें सुखदुःख नाहीं. ते दाखवून देणारा, संहितेंत जाऊन दुरुस्त करणारा व दरवर्षीं पुन्हां तपासून पाहणारा कोणी मराठी मनुष्यच पाहिजे, आणि तसे मनुष्य बोटांवर मोजण्याइतके आहेत.

बाकीचे आपण काय करतों? परिभाषेवर भांडतों. संगणकाच्या पडद्यावर फाइलला कोणी संचिका म्हणतो, कोणी धारिका, कोणी फाइलच ठेवतो; एका यंत्रावर हे तिन्ही शब्द आम्हीं पाहिले आहेत. १९३८ सालीं माधवराव पटवर्धनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' निघाला, तेव्हांपासूनचा हा आपला आवडता वाद आहे, आणि तो आम्हांसहि आवडतो. पण पूर्वीं वादांत जिंकलेला शब्द वापरांत आणणें कोणाच्या हातीं नव्हतें. येथें तें आहे. लिनक्सवरील आज्ञावलींचीं मराठी भाषांतरें कोणासहि सुधारतां येतात. त्यासाठीं यंत्रविद्या लागत नाहीं, मराठी नीट येत असली म्हणजे पुरते. व्याकरणशुद्ध मराठी लिहिणारे निवृत्त शिक्षक पार्ल्या-बोरिवलींत थोडे आहेत काय? पवईच्या आय.आय.टी.नें 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमांत लिनक्स व लिबरऑफिस शिकविणारे ध्वनिपाठ मराठींतूनहि करून ठेविले आहेत; मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांतील नागार्जुन यांनीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचें अध्यक्षपद भूषविलें. म्हणजे विचार उपनगरांत येऊन पोंचलेला आहे. अडला आहे तो आमच्या उंबरठ्यावर. केरळांत सरकारी शाळांतील मुलें लिनक्सवर संगणक शिकतात. आमच्याकडे २००१ नंतर गांवोगांव पोंचलेल्या संगणक-शिक्षणानें लाखों लोकांची यंत्राविषयींची भीति घालविली, ही मोठीच कामगिरी. पण संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हें समीकरणहि त्याच शिक्षणानें घट्ट केलें, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां रेमंडचें पुस्तक वाचावें कीं न वाचावें? अवश्य वाचावें. तरुणांनीं तर वाचावेंच, कारण उघड्यावर काम करण्याचा जो आनंद त्यांत ओसंडतो तो खोटा नाहीं. मात्र वाचतांना त्यांतील बाजार सायंकाळीं सहाचा आहे हें ध्यानांत असूं द्यावें. रात्रीं अकराचा लेखकानें पाहिलेला नाहीं. दुसरी आवृत्ति २००१ सालीं निघाली, तींतहि ही उणीव भरून निघालेली नाहीं. मराठींत ह्या विषयावर असें एखादें पुस्तक कोणी लिहील, तर तें कंपनीच्या संचालकानें किंवा चळवळीच्या पुढाऱ्यानें न लिहितां एखाद्या कारभाऱ्यानें लिहावें, अशी आमची इच्छा आहे. आमच्या स्नेह्यांस तसें सुचवून पाहिलें. वेळ नाहीं म्हणाले.

कारणहि सांगितलें. गेल्या महिन्यांत त्यांच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. जुने चिटणीस सत्तरी ओलांडल्यामुळें सुटका मागत होते. कोणीतरी म्हणालें, "ह्यांना संगणक येतो, ह्यांनाच करा," आणि टाळ्या पडल्या. आतां ते दर रविवारीं सकाळीं जुन्या चिटणिसांच्या घरीं जाऊन बसतात. आजोबा तोंडानें सांगतात, हे लिबरऑफिसमध्यें उतरवून घेतात: कोणता नळ कोठें वळतो, टाकीच्या झांकणाची किल्ली कोणाकडे असते, लिफ्टच्या माणसाचा मुलगा आतां काम पाहतो, त्याचा क्रमांक. अजून तळमजल्याचेंच काम चाललें आहे.